शेवटच्या नळाचं पाणी

पाण्याची टाकी भरत आली की तिचा आवाज बदलायचा. रिकामी असताना पाणी तळाला आदळायचं, तेव्हा घागरीत तोंड घालून कुणीतरी बोलावं तसं घुमायचं. अर्ध्यावर आली की आवाज जाड व्हायचा, आणि काठाला आली की नुसती कुजबुज उरायची. आमचं घर त्या टाकीच्या पायथ्याशीच होतं, कामावरच्या माणसासाठी बांधलेलं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. आबा, म्हणजे माझे वडील, जेवायला बसले तरी त्यांचा एक कान वर असायचा. हातातला घास तसाच धरून ते थांबायचे, "आली," म्हणायचे आणि पंप बंद करायला उठायचे. आई त्यांच्या ताटावर दुसरं ताट उपडं घालायची. त्या दिवशी हुलग्याच्या पिठाचं कढत, पातळ माडगं असलं तर ती पुटपुटायची, कारण माडगं एकदा निवलं की त्यात राम राहत नाही.

गावाचं नाव मी लिहीत नाही. कराडच्या खाली आणि सांगलीच्या वर कृष्णेच्या काठाला अशी पुष्कळ गावं आहेत, त्यातलं एक समजावं. या गोष्टीतल्या घरांतली माणसं तिथं अजून राहतात. आम्ही मूळचे तिथले नव्हतोच. आबा सातारकडचे, पलटणीत पाण्याच्या कामावर होते. तळ पडला की आधी यांनी पाणी शोधायचं, त्यात पावडर घालायची, तपासायचं, आणि यांनी मान हलवली की मग बाकीच्यांनी प्यायचं. साहेबसुद्धा माझ्या मानेकडं बघत उभा राहायचा, असं आबा सांगायचे, आणि त्यांच्या सगळ्या आयुष्यात मला वाटतं तेवढीच एक गोष्ट अशी होती की जी सांगताना ते ताठ बसायचे. पलटणीतून सुटल्यावर ही नळयोजनेची नोकरी मिळाली. गावात सगळे त्यांना हवालदार म्हणत.

पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर. पोत्यावर इंग्रजी अक्षरं असायची म्हणून लोक तिला टीसीएल म्हणत. ती टाकीखालच्या हौदात कालवून तिचं निवळ पाणी थेंबथेंब नळाच्या पाण्यात सोडायचं. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला तिचा वास होता. आबांच्या खाकी सदऱ्यावर आणि आईच्या लुगड्यांवर पांढरे डाग पडलेले असायचे, जणू कुणी चुना शिंपडलाय. आबांना तो वास येत नव्हता. इतक्या वर्षांत त्यांचं नाक त्या पावडरीनं जाळून टाकलं होतं. आंबलेलं ताक आणि ताजं ताक त्यांना तोंडात घेतल्यावरच कळायचं. आई वाईची. तिचं सगळं लहानपण घाटाच्या पायऱ्यांवर गेलेलं. कृष्णाबाईच्या पाण्याला औषध कशाला लागतं, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. नळाचं पाणी ती कळशीत भरून उन्हात उघडं ठेवायची, वास उडाला की मगच देवाला आणि चहाला वापरायची. आबा हसायचे. म्हणायचे, तुझ्या वाईच्या घाटावर जे काय धुतात ते सगळं आपल्याच दारावरनं जातंय.

रोज सकाळी पाणी तपासायचं. एका लाकडी पेटीत काचेची नळी आणि तपकिरी बाटली असायची. नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचं, आणि थोडं थांबायचं. पाण्यात औषध शिल्लक असलं तर पाणी पिवळं होतं. किती पिवळं, ते पेटीतल्या रंगीत काचांशी लावून बघायचं आणि तो आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. मात्र पाणी घ्यायचं ते शेवटच्या नळाचं. औषध वाटेत खर्ची पडत जातं, नळाच्या गंजानं, घाणीनं, जंतूंनी. शेवटच्या नळाला थोडं तरी उरलं असेल तर मधलं सगळं पाणी चांगलं. "पहिल्या नळाचा रपोट कुनी बी दील," आबा म्हणायचे. "खरा रपोट शेवटच्या नळाचा."

शेवटचा नळ बौद्धवस्तीत होता. पाईप टाकताना तिकडं सगळ्यात शेवटी वळवलेला, आणि तोही अर्ज करकरून. तिथं सकाळी घागरींची रांग लागायची, आणि रांगेवर शांताक्काचं राज्य असायचं. शांताक्का सातवी शिकलेली, पंचविशीची, बारीक अंगाची बाई. नवरा पलटणीत, लांब उत्तरेला. घरी ती आणि तिची सासू सोनाबाई. वस्तीतली सगळी पत्रं तीच लिहायची आणि तीच वाचून दाखवायची. आबा नळावर पेटी उघडून बसले की ती कामधाम सोडून बघायला यायची. पाणी पिवळं झालेलं दिसलं की वळून रांगेला सांगायची, "झालं पिवळं. भरा आता." तोवर ती कुणाला घागर नळाखाली धरू द्यायची नाही. वस्तीतली म्हातारी माणसं आधी नदीचंच पाणी प्यायची, नळाच्या पाण्याला वास येतो म्हणायची. ती शांताक्कानं भांडून भांडून नळावर आणली. तिच्या घरी आबांना चहा मिळायचा. पलटणीत सगळं एका मगात प्यायलेला माणूस, त्यांना काही वाटायचं नाही. मीही प्यायचे. पण घरी आल्यावर आई पायावर पाणी घालायची आणि काही खाल्लंस-प्यालीस का विचारायची, तेव्हा मी नाही म्हणायचे. माझी आई वाईट नव्हती. कुणी आजारी असलं की ती कुणाच्याही दाराशी जायची, पण उंबऱ्याच्या अलीकडंच थांबायची.

आबांचे डोळे गेल्याचं मला भातामुळं कळलं. आमच्याकडं भात सणावारी. गुढीपाडव्याला आईनं भात केला, वाढला, आणि आबा म्हणाले, हळद का घातलीस? आई म्हणाली, कुठं घातलीय? आबांनी ताट जरा लांब धरून पाहिलं आणि जेवायला लागले. आई ते विसरून गेली. मला मात्र ते विसरता येईना. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात जात होते, सकाळच्या एस.टी.नं जायचं आणि संध्याकाळी यायचं, रसायनशास्त्र घेतलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आबांच्या आधी उठले, पेटीतली नळी घेतली आणि आईनं उन्हात ठेवून वास उडवलेलं पाणी तिच्यात भरलं. थेंब टाकलेच नाहीत. आबांच्या हातात देऊन मी म्हणाले, बघा बरं, किती आहे. त्यांनी ती उजेडाकडं धरली, डोळे बारीक केले, पेटीतल्या काचेशी लावली.

"पॉइंट पाच," ते म्हणाले. "झ्याक हाय."

मी थेंबांची बाटली त्यांच्यापुढं ठेवली. तिचं बूच अजून बंद होतं. ते त्यांनी चाचपून पाहिलं. बराच वेळ ते त्या बुचावरून अंगठा फिरवत राहिले, आणि मग म्हणाले, आईला सांगू नको. पण आईला सांगावंच लागलं. आम्ही तिघं मिरजेला गेलो. तिथल्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण पिकलेला नाही. पिकल्याशिवाय काढता येत नाही. वर्षानं या.

गेल्या वर्षी साताऱ्यात माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता मोतीबिंदू पिकायची वाट कुणी बघत नाही, चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात काढतात. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली आणि मी समोरच्या भिंतीकडं एकेक डोळा झाकून पाहिलं. उजव्या डोळ्याला ती पांढरी दिसली. डाव्याला अजून पिवळसर, चहा सांडून पुसल्यासारखी. नर्स विचारत होती, आजी, नीट दिसतंय ना, आणि मी पुन्हा एकेक डोळा झाकून बघत होते. आबांना ते कसं दिसत असेल हे मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दिसलं.

पिकायची वाट बघायची म्हणजे वर्षभर ही गोष्ट झाकून ठेवायची. आबा नोकरीत कायम झालेले नव्हते. डोळे अधू झालेत हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर राहतं घर. तेव्हा असं ठरलं की पहाटे आबांबरोबर मी जायचं. नळी आबांनी धरायची, थेंब आबांनी टाकायचे, पण बघायचं मी. मी नुसतं बोटांनी त्यांच्या कोपराला आकडा सांगायची, एक बोट म्हणजे पॉइंट एक, दोन म्हणजे पॉइंट दोन. मग ते मोठ्यानं म्हणायचे. घरी येऊन रजिस्टर मीच भरायची, कारण ते बारीक रकाने त्यांना दिसत नव्हते. कमी भरलं तर ते हौदात आणखी पावडर घालायचे. मग मी धावत स्टँडवर जाऊन एस.टी. पकडायची. असं जवळजवळ वर्ष निघालं. मला वाटायचं की हे कुणाला कळलं नाही. शांताक्काला कळलं होतं. एकदा तिनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. त्या दिवशी चहात जरा जास्त गूळ घातला.

उन्हाळ्यात माझी प्रात्यक्षिक परीक्षा आली. तीन दिवस, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटणार. सांगलीच्या विश्रामबागेत मावशी राहायची, तिच्याकडं मुक्काम करायचा ठरलं. मग पाणी कोण बघणार, हा प्रश्न आला. आबा म्हणाले, तीन दिवसांचं काय, रोज तेवढीच पावडर घालतो, रोज तेवढंच भरतंय. आई म्हणाली, परीक्षा बुडवू नको. मी म्हणाले, शांताक्काला सांगू या. तिला सगळं येतं, तिचे डोळे चांगले आहेत, ती कुणाला बोलणार नाही. आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "घरातली गोष्ट आता त्या वाड्यात सांगायची राहिली हाय व्हय?"

आबांनी तो विषय तिथंच सोडला. हे मला लिहायलाच हवं, की मी वाद घातला नाही. तो वाद घालण्याएवढी मोठी मी झालेली होते. उलट मला थोडं सुटल्यासारखं वाटलं, कारण एकदा सांगितलं की शांताक्काचे उपकार झाले असते, आणि उपकार कुणाचे घ्यायचे आणि कुणाचे नाही हे मला आईनं न शिकवताच येत होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी रजिस्टर काढलं आणि पुढच्या तीन दिवसांचे आकडे भरून ठेवले. पहिल्या दिवशी पॉइंट पाच, दुसऱ्या दिवशी पॉइंट पाच. तिसऱ्या दिवशी मुद्दाम पॉइंट सहा लिहिलं, म्हणजे खरं वाटावं.

गोष्टीत शोभलं असतं असं काही परीक्षेत झालं नाही. ब्लीचिंग पावडरची ताकद मोजायचा प्रयोग आमच्या अभ्यासक्रमात होता, पण तो माझ्या वाट्याला आला नाही. मला क्षार ओळखायचा आला, आणि तो मी बरोबर ओळखला. मावशीनं शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती. विश्रामबागेत रस्त्याकडेच्या झाडांना फुलं आली होती, आणि मावशीच्या ओसरीवर बसून मी पहिल्यांदाच असा विचार केला की आपणही इथं कुठं नोकरीला लागू, आबांचे डोळे बरे होतील, सगळं नीट होईल. ते तीन दिवस माझ्या तरुणपणातले सगळ्यात हलके दिवस होते, हे मी कुणाला सांगू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एस.टी.तून उतरले तर स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं पाण्याची पिंपं उपडी घालून ठेवली होती. तो म्हणाला, गावात हगवण-ओकारीची साथ आलीय. बौद्धवस्तीत जास्त. दुपारीच तिघा-चौघांना जीपमधून सांगलीला नेलं, त्यात यशवंताची बायकोही होती. यशवंता म्हणजे शांताक्काचा नवरा. ज्या रस्त्यानं मी येत होते त्याच रस्त्यानं तिला नेलं होतं, उलट्या बाजूला. मी घरी गेले नाही. टाकीखालच्या खोलीतून पेटी उचलली आणि शेवटच्या नळावर गेले. उजेड अजून बराच होता. नळावर कुणी नव्हतं. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं आणि थांबले. पाणी पांढरं राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुन्हा ताजं पाणी घेतलं, पुन्हा थेंब टाकले. एखाद्या देवळातल्या तीर्थासारखं ते माझ्या हातात नितळ होतं. पिवळेपणाची छटासुद्धा नव्हती.

मागं कुणीतरी आल्यासारखं वाटलं. सोनाबाई होती. तिच्या हातात शांताक्काचं पातळ होतं, धुवायला आणलेलं असावं, पण ती ते नळाखाली धरत नव्हती.

"आलं का पिवळं?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. ती शेजारच्या दगडावर बसली आणि पाणी मागितल्यासारख्या साध्या आवाजात सांगायला लागली. मी गेले त्याच दिवशी शांता म्हणाली होती, हवालदार, आज रंग न्हाई आला. हवालदारांनी नळी वर धरून बघितली, म्हणाले, आलाय की पोरी. ती म्हणाली, मला दिसत न्हाई. ते म्हणाले, चांगला आलाय. दुसऱ्या दिवशी पण तसंच. "मग ती मला म्हणाली, त्यास्नी ठावं असंल, ते पलटणीतले हायेत. आपल्याला काय कळतंय. आन् भरली घागर." सोनाबाईनं हातातलं पातळ मांडीवर ठेवलं. "म्या म्हनलं व्हतं, नदीचं आनू. तिनं आनू दिलं न्हाई."

घरी आबा हौदापाशी बसले होते. त्यांना साथीचं कळलं होतं आणि त्यांनी दुपारीच पावडर दुप्पट केली होती. तरीही नळी पांढरी होती. मी पोतं बघितलं. माझ्या जाण्याच्या दिवशी सकाळी त्यांनी ते नवं फोडलं होतं. वरून ते एका अंगाला भिजून वाळलेलं दिसत होतं, आतली पावडर गोळे धरलेली, आणि तिला वास नव्हता. नाकाला भिडायला हवी ती पावडर नुसती चुन्याची भुकटी झाली होती. आबांना वास आला असता तर त्यांनी ते पोतं दारातूनच परत पाठवलं असतं. मी काही बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं, पाणी कसं आहे. मी म्हणाले, पांढरं आहे. तीन दिवस पांढरंच होतं असणार. ते म्हणाले, मला पिवळं दिसत होतं. मग म्हणाले, ती पोरगी म्हणाली होती. आईनं ताट वाढलं. कुणी जेवलं नाही. टाकी भरून वाहायला लागली, काठावरून पाणी खाली पडत राहिलं, आणि आबा उठले नाहीत. पंप मी बंद केला. खोलीच्या कोपऱ्यात जुन्या पोत्यातली थोडी चांगली पावडर डब्यात होती, ती हौदात घातली. सकाळी शेवटच्या नळाचं पाणी पिवळं झालं. त्याच सकाळी सांगलीहून निरोप आला की शांताक्का गेली. तिच्याबरोबर आणखी तिघं गेली होती, त्यातली दोघं म्हातारी, ज्यांना तिनं भांडून नळावर आणलं होतं.

चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले. शांत, सभ्य माणूस, चष्मा पुसत बोलायची सवय असलेला. टाकीखालच्या खोलीत टेबल मांडून बसले. आबांनी पलटणीतला कोट घातला होता, उन्हाळ्यात. त्यांनी सांगायला सुरुवात केली. माझे डोळे गेलेत साहेब, मला रंग दिसत नाही, त्या तीन दिवसांत पाण्यात औषध नव्हतं, रजिस्टरमधले आकडे खोटे आहेत. साहेबांनी त्यांना बोलू दिलं. मग रजिस्टर उघडलं, त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं.

"इथं तर क्लोरीन आहे," ते म्हणाले.

मी पुढं झाले. म्हणाले, ते मी लिहिलंय, आधीच लिहून ठेवलं होतं. मी तेव्हा इथं नव्हतेच. शिवाय पावडर खराब आहे, बघा. मी त्या पोत्यातली पावडर एका बाटलीत भरून बूच लावून, चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. ती मी टेबलावर ठेवली. साहेबांनी बाटली उचलली, चिठ्ठी वाचली आणि आपल्या पिशवीत टाकली. तपासायला साताऱ्याला पाठवतो म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, कितवीला आहेस? मी सांगितलं. ते म्हणाले, पुढं शीक. आबांकडं वळून म्हणाले, "हवालदार, तुमच्या मनाला लागलंय ते मला कळतं. पण मी रजिस्टर बघून लिहिणार. रजिस्टर बरोबर आहे."

अहवालात काय लिहिलं ते आम्हाला नंतर कळलं. पाणीपुरवठा निर्जंतुक होता; वस्तीतील लोक नदीचे पाणी पीत असल्याने साथ उद्भवली. पुढं मी साताऱ्याला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि सगळं आयुष्य तिथंच काढलं. पहिल्याच महिन्यात त्या वर्षाचं आवक रजिस्टर शोधून काढलं. आमच्या गावाची बाटली आलेलीच नव्हती. त्यानंतरच्या वर्षांत माझ्या हातून किती बाटल्या गेल्या. ज्या पाण्यावर मी 'पिण्यास अयोग्य' असं लिहून पाठवायची, त्याच गावाची पुढची बाटली सहा महिन्यांनी यायची आणि मी पुन्हा तेच लिहायची. साहेब तसे का वागले हे मला तिथंच कळलं. ते वाईट नव्हते. ती पोती आणखी पुष्कळ गावांना गेली होती, आणि एका पोत्याला खराब म्हटलं की सगळ्यांना म्हणावं लागलं असतं. नदी कुणाचीच नव्हती.

आबा सोनाबाईकडं गेले, मीही बरोबर होते. यशवंताला तार मिळून तो येईपर्यंत सगळं उरकलं होतं. तो अंगणात खाटेवर बसला होता, आम्हाला बघून उठला आणि आत गेला. आबा अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, सोनाबाई, माझ्यामुळं झालं. माझे डोळे गेले होते आणि मी सांगितलं नाही. सोनाबाई धान्य पाखडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "तुमी काय मुद्दाम केलं व्हय?" आबांनी नाही म्हटलं. ती परत सूप उचलत म्हणाली, "पर तिनं सांगितलं व्हतं तुमास्नी."

आम्ही अंगणातच उभे होतो. बसा असं कुणी म्हणालं नाही, आणि चहा झाला नाही.

आबांना कुणी कामावरून काढलं नाही. रजिस्टर बरोबर होतं ना. पुढच्या हिवाळ्यात मोतीबिंदू पिकला, मिरजेला तो काढला, जाड भिंगांचा चष्मा आला आणि त्यांना सगळे रंग दिसायला लागले. पण ते नळी हातात धरेनात. टाकीचा आवाज ऐकून पंप बंद करायचे तेवढं काम त्यांनी ठेवलं. आईनं त्या वस्तीबद्दल पुन्हा कधी चांगलं-वाईट काही काढलं नाही. मी घरी आले की माझ्या पायावर पाणी मात्र घालत राहिली. माझी नोकरी लागेपर्यंत पाणी तपासायला मी एकटी जात होते. नव्या पावडरीचं प्रत्येक पोतं मी आधी हुंगून, मग तपासून घ्यायची. शेवटच्या नळाला त्यानंतर एकही दिवस पाणी पांढरं निघालं नाही, आणि त्या नळावर त्यानंतर रांगही फारशी लागली नाही.

एका सकाळी मी नळी उजेडाकडं धरून बसले होते. पाणी चांगलं पिवळं झालं होतं, चण्याच्या डाळीच्या रंगाचं. सोनाबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन घरातून निघाली. मी नळी तिच्याकडं धरून म्हणाले, "सोनाबाई, बघा, पिवळं झालंय. पाणी आता चांगलं हाय."

ती थांबली. नळीकडं तिनं पाहिलं, आणि माझ्याकडंही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"असंल," ती म्हणाली.

आणि ती नदीकडं उतरायला लागली. तिच्यामागून आणखी दोघी घागरी घेऊन निघाल्या. साहेबांनी लिहिलेलं तेव्हा खोटं होतं. आता ते खरं झालं होतं, आणि हातात ती पिवळी नळी घेऊन मी त्यांना उताराखाली जाताना बघत राहिले.